अर्जात नसलेला रकाना



यंदा आपल्या मंडळाच्या वधू-वर नोंदणीचा अर्ज ऑनलाइन करायचं काम कार्यकारिणीनं माझ्यावर सोपवलं. मी सॉफ्टवेअरमधला, आणि एकटा राहतो असा बहुतेकांचा समज. म्हणजे रविवारी मोकळाच असणार. जुना कागदी अर्ज शेजारी ठेवून मी एकेक रकाना स्क्रीनवर चढवत बसलो. नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, वर्ण, चष्मा, गोत्र, रास, नाडी, मंगळ, शिक्षण, पगार, स्वतःचं घर, भाऊ-बहिणी विवाहित की अविवाहित, मामाचं आडनाव. शेवटी 'अपेक्षा', त्याला चार ओळी. सगळे मिळून ३४ रकाने झाले. शेवटचा संपला तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या प्रश्नांत एक प्रश्न कुठेच नाही. ज्याच्यासाठी हा अर्ज भरला जातोय, त्याला लग्न करायचंय का?

बारा वर्षांपूर्वी हाच अर्ज आईनं माझ्यासाठी भरला होता. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात. 'अपेक्षा'च्या ओळींत तिनं लिहिलं होतं : सुशिक्षित, मनमिळाऊ, घर सांभाळून नोकरी करणारी चालेल. मी शेजारीच उभा होतो. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तर पुढचं बरंच काही टळलं असतं. ते वाक्य आज लिहितो. मी समलिंगी आहे. आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.

हा लेख पाठवण्याआधी मी माझ्या पूर्वीच्या पत्नीला वाचायला दिला. तिचं नाव, गाव, नोकरी यातलं काही यात येऊ नये, ही तिची अट. 'ती आता सुखात आहे' असं मी लिहिलं होतं, ते तिनं खोडलं आणि लिहिलं, 'ती आता कामात आहे.' तेव्हा तुम्हीही तसंच समजा.

उशिरा हसणारा मुलगा

आमचं घराणं मूळचं परभणीकडचं. आजोबा निजामाच्या अमदानीत नोकरीसाठी हैदराबादला आले आणि काचीगुड्यात राहिले. आप्पा रेल्वेत हिशेबनीस होते. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि दखनी. आमच्या मराठीत 'नक्को' आणि 'हौ' कधी शिरले ते आम्हालाही कळलं नाही.

बारावीत असताना मला स्वतःबद्दल पुरतं कळलं होतं. त्याआधी फक्त एवढंच कळायचं, की वर्गातली मुलं मुलींबद्दल काही बोलली की मी अर्धा सेकंद उशिरा हसतो. आधी बाकीचे हसतात का ते बघायचं आणि मग हसायचं. ही सवय पुढं पंधरा वर्षं टिकली.

२००७ साली बी.ई. झालो. (जेएनटीयूची मुलं बी.टेक. असतात, उस्मानियाचे आम्ही बी.ई.; लग्नाच्या अर्जात हा फरक आईला समजावून सांगावा लागला होता.) माधापूरला नोकरी लागली. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर निकाल दिला : सज्ञान माणसांनी संमतीनं, खासगीत ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत. त्याआधी ते इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड संहितेच्या कलम ३७७ खाली येत, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. ती बातमी मी ऑफिसात दोनदा वाचली आणि ब्राउझरमधल्या नोंदी पुसून टाकल्या. न्यायालयानं गुन्हा नाही म्हटलं तरी माझी वागणूक गुन्हेगाराचीच होती.

पंचविशी उलटली तसं घरात 'आता मनावर घे' सुरू झालं. आबिड्सच्या स्टुडिओत फोटो काढून झाले. चार ठिकाणी कांदेपोहे झाले, चार ठिकाणी मी काहीतरी खुसपट काढलं. शेवटी धीर करून एका डॉक्टरांकडे गेलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "लग्न करून टाका. एकदा संसाराला लागलात की हे विचार जातील." फी घेतली. मी बाहेर आलो तो जवळजवळ आनंदातच. औषध सापडलं होतं.

त्या औषधाचं नाव एक मुलगी होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही.

पुढं वाचलं तेव्हा कळलं, की जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० सालीच काढली होती. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं, की हा आजार नाही. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तर 'बरं करून देतो' म्हणून उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. पण 'लग्न करून टाका' हा उपचार आपल्याकडे डॉक्टरांपेक्षा जास्त आपणच देतो, आणि त्याची नोंद कुठल्याही आयोगाकडे होत नाही.

६०० पानं

२०१३ च्या नोव्हेंबरात साखरपुडा झाला. मुलगी बाहेरगावची, हुशार, बोलकी. गच्चीवर दहा मिनिटं बोलायला दिलं तेव्हा तिनं मला विचारलं होतं, "घरच्यांच्या दबावानं तर करत नाही ना?" मी म्हटलं, "छे, छे." म्हणजे अर्जात नसलेला प्रश्न तिनं विचारला होता. मीच खोटं उत्तर दिलं.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला आणि कलम ३७७ पुन्हा लागू झालं. देशभर कितीतरी लोक त्या दिवशी रडले असतील. मला मात्र, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. आता कायदाच नाही म्हणतो, तर मी काय करणार? लग्न मोडायचं असलं तर मोडायला अजून दोन महिने होते. त्या निकालाआड मी लपलो.

फेब्रुवारी २०१४ मध्ये लग्न झालं. ६०० पानं उठली. बासुंदी उरली ती शेजारी वाटली. तुमच्यापैकी बरेच जण होतात.

पुढच्या दोन वर्षांबद्दल फार लिहीत नाही. अमेरिकेचा क्लायंट होता, त्यामुळे रात्रीचे कॉल हे कारण आयतंच होतं. कॉल संपले तरी मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडून बसायचो. ती झोपली याची खात्री झाली की आत जायचो. आमची भांडणं झाली नाहीत. लोकांना हे सांगितलं की ते म्हणतात, मग काय बिघडलं होतं? भांडायला तरी दोन माणसं एका खोलीत असावी लागतात.

ती आपली नोकरी सोडून आली होती. कुकटपल्लीच्या भाजीबाजारात तिनं तीन महिन्यांत तेलुगू शिकून घेतलं. 'गोड बातमी कधी' हा प्रश्न तिलाच विचारला जायचा, मला नाही. आई तिला दोनदा डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिच्या तपासण्या झाल्या, सगळ्या व्यवस्थित निघाल्या. माझी तपासणी करावी असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि मी ते येऊ दिलं नाही.

दोन 'पार्टनर'

२०१५ च्या शेवटी कंपनीच्या कामासाठी आठवडाभर पुण्याला होतो. एका संध्याकाळी हिंजवडीहून अप्पा बळवंत चौकात गेलो. दुकानात म्हटलं, "पार्टनर आहे का?" काउंटरवरच्या काकांनी लगेच वपुंचं 'पार्टनर' पुढ्यात ठेवलं. वपुंचं नको होतं. दुसऱ्या लेखकाचं नाव मोठ्यानं घ्यावं लागलं : बिंदुमाधव खिरे. काकांनी मान वर न करता आतून पुस्तक आणून दिलं. मला घाम फुटला होता. त्यांना बहुतेक जेवायला घरी जायची घाई होती.

खिरे यांचं नाव मी एका बातमीत वाचलं होतं. ते स्वतः संगणक अभियंते. त्यांचंही घरच्यांच्या अपेक्षेनं एका मुलीशी लग्न झालं होतं आणि ते टिकलं नाही. अमेरिकेत असताना तिथल्या 'त्रिकोण' या दक्षिण आशियाई समलिंगींच्या संस्थेशी त्यांचा संबंध आला. पुण्याला परत येऊन २००२ मध्ये त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला, आणि या विषयावर मराठीत एकामागून एक पुस्तकं लिहिली : 'पार्टनर' ही कादंबरी, 'इंद्रधनू', पालकांचे आणि मुलांचे अनुभव एकत्र करणारं 'मनाचिये गुंती'.

हैदराबादच्या बसमध्ये, सोलापूर सुटल्यावर, मोबाइलच्या उजेडात मी ते वाचत आलो. तोपर्यंत या विषयावर जे वाचलं होतं ते सगळं इंग्रजीत. इंग्रजीत वाचलेलं परक्याचं वाटायचं, तिकडच्या लोकांचं. इथं आई मराठीत रडत होती, मुलगा मराठीत गप्प बसत होता. शब्द माझ्या घरातले होते. पहाटे मियापूरला उतरलो तेव्हा एवढं पक्कं झालं होतं, की सांगायचं. तरीही पुढं चार महिने मी सांगितलं नाही.

वाण्याची वही

मार्च २०१६ मधली गोष्ट. ती माहेरी गेली होती. गॅस संपला, एजन्सीचा नंबर वाण्याच्या वहीत असायचा म्हणून मी वही उघडली. मागच्या पानावर तिच्या अक्षरात एक यादी होती.

वजन : ४ किलो कमी.
केस मोकळे सोडणे.
जास्त प्रश्न विचारू नयेत.
चिंच-गुळाची आमटी आवडली, आठवड्यातून एकदा.
घोरते का? विचारणे.
निळी साडी.

काही ओळींवर काट मारलेली होती. म्हणजे करून बघून झालं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये चूक शोधायचंच काम करतो. एखादी गोष्ट चालत नसली की आपण एकेक शक्यता तपासतो आणि खोडत जातो. ती तेच करत होती, दोन वर्षं, एकटी. आणि चूक ज्या ठिकाणी होती ती जागा मी तिच्यापासून लपवून ठेवली होती.

ती परत आली त्या रात्री सांगितलं. गॅलरीत बसलो होतो. मी काय बोललो ते नीट आठवत नाही, पण तिचे प्रश्न आठवतात.

"कधीपासून माहीत होतं?"

"बारावीपासून."

"म्हणजे गच्चीवर मी विचारलं तेव्हाही."

"हो."

ती बराच वेळ काही बोलली नाही. खाली वॉचमनचा रेडिओ चालू होता. मग म्हणाली, "तू मला खरं सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. कुणाला कारणही सांगितलं नसतं. तेवढं एक 'नाही' माझ्या हक्काचं होतं. ते तू घेतलंस."

मी माफी मागितली. तिनं विचारलं, "वही वाचलीस का?" मी हो म्हटलं. तेव्हा मात्र ती रडली. मला वाटतं, बाकी सगळ्यापेक्षा मी ती यादी वाचली याचं तिला जास्त लागलं.

दुसरा खोटा रकाना

आम्ही वेगळे झालो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीनं घटस्फोट घेता येतो. त्याआधी एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो आणि साधारण सहा महिन्यांनी पुन्हा हजर राहून तेच सांगावं लागतं. ही सहा महिन्यांची मुदत परिस्थिती पाहून माफ करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. आम्ही मात्र थांबलो. २०१८ च्या जूनमध्ये निकाल हातात आला. कारण म्हणून वकिलांनी लिहिलं होतं : स्वभाव जुळले नाहीत. ती म्हणाली, मला चारचौघांत तमाशा नको. मीही लगेच मान डोलावली. ते मलाच जास्त सोयीचं होतं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी नवतेज सिंग जोहर खटल्यात एकमतानं निकाल दिला आणि सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं कलम ३७७ मोडीत निघालं. ऑफिसच्या पँट्रीत टीव्हीसमोर टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या, अर्धा सेकंद उशिरा. दुपारी तिचा मेसेज आला : 'बातमी पाहिली. बरं झालं.' न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं होतं, की इतक्या वर्षांच्या छळाबद्दल इतिहासानं या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची माफी मागायला हवी. ते वाचून माझा ऊर भरून आला हे खरं. पण इतिहास माझं देणं लागत होता, तसा मीही कुणाचं तरी लागत होतो.

ते देणं किती होतं ते २०१९ च्या संक्रांतीला कळलं. आईचं हळदीकुंकू होतं. मी तिळगुळाचं ताट बाहेर आणत होतो तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मुलगीच तशी होती म्हणे. संसारात लक्षच नव्हतं." दुसऱ्या म्हणाल्या, "तपासण्या पण करून झाल्या होत्या ना?" आई काही बोलली नाही. पण तिनं नाहीही म्हटलं नाही.

ज्या बाईनं दोन वर्षं वहीत याद्या केल्या, तिच्याबद्दल आमच्या बैठकीत असं बोललं जात होतं. आणि ते खोटं आहे हे ठाऊक असलेला एकमेव माणूस हातात तिळगूळ घेऊन उभा होता.

बायका गेल्यावर आई वाणाच्या उरलेल्या वाट्या मोजत बसली होती.

"आई, काकू म्हणाल्या ते खोटं आहे. संसारात लक्ष माझं नव्हतं."

"असू दे रे आता."

"असू दे नाही. मला मुलींबद्दल तसं कधी वाटलंच नाही. पुरुषांबद्दल वाटतं. लग्नाआधीपासून मला माहीत होतं."

तिचं मोजणं थांबलं नाही. सतरा, अठरा. मग म्हणाली, "तिला सांगितलं होतंस?"

"हो. त्यामुळेच वेगळे झालो."

"आणि ती कुणाला बोलली नाही?"

"नाही."

आईनं वाट्या खाली ठेवल्या. "मी त्या पोरीला डॉक्टरकडे नेली रे," ती म्हणाली. "दोनदा."

मी मनात वर्षानुवर्षं या प्रसंगाची तयारी केली होती. आई रडेल, देवापुढे बसेल, मला दोष देईल, स्वतःला दोष देईल. तिचं पहिलं दुःख सुनेबद्दलचं असेल, हे माझ्या तयारीत नव्हतं.

महिनाभरानं तिनं स्वतःहून तिच्या आईला फोन केला. मी शेजारी होतो. ती म्हणाली, "तुमच्या मुलीत काही कमी नव्हतं. चूक आमच्या घरात होती. आम्हाला उशिरा कळली." चार मिनिटांचा फोन. 'चूक' हा शब्द मला टोचला. पण जे घडलं त्याला दुसरा शब्द मलाही सुचत नाही. मी समलिंगी असणं ही चूक नाही. ते लपवून दुसऱ्याच्या मुलीला घरात आणणं, ही चूकच.

'आपल्यात असलं नव्हतं'

आई बरेच दिवस म्हणायची, "आपल्यात असलं कधी ऐकलं नव्हतं." ऐकलं नव्हतं, कारण बोलू दिलं नव्हतं. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढत. वाचक लैंगिक प्रश्न विचारत, ते शास्त्रीय उत्तरं देत. त्या प्रश्नोत्तरांत समलिंगी संबंधांचाही विषय होता, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये न्यायालयात त्यांच्या बाजूनं उभे राहिलेले वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण प्रश्न विचारण्यात अश्लील काही नाही ही बाजू त्यांनी मांडली. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आलं. त्याची नायिका एक स्त्रीवर प्रेम करणारी तरुणी. अलीकडे सचिन कुंडलकर यांनी 'कोबाल्ट ब्लू' लिहिली. रंगभूमीवरच्या चित्रा पालेकर यांनी आपल्या मुलीसाठी पालक म्हणून जाहीरपणे उभं राहून दाखवलं. हे सगळं आपल्यातलंच आहे.

आप्पांना मी 'मनाचिये गुंती' दिलं. ते काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी पाहिलं तर पुस्तकाला कालनिर्णयच्या जुन्या पानाचं कव्हर घातलेलं, शाळेच्या पुस्तकाला घालायचे तसं. कोण आलं-गेलं तर नाव दिसू नये म्हणून असेल, किंवा पुस्तक खराब होऊ नये म्हणून. मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी परत देताना म्हणाले, "वाचलं. तू आधी सांगायला हवं होतंस." थोडं थांबून म्हणाले, "आम्हीही विचारायला हवं होतं म्हणा."

आपल्याच शहरातले दोघं

सुप्रियो चक्रवर्ती आणि अभय डांग ही नावं तुम्ही पेपरात वाचली असतील. दोघं आपल्या हैदराबादचे. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांनी शहराजवळच आपल्या घरच्यांसमोर आणि मित्रमंडळींसमोर एकमेकांना वरलं. २०२२ मध्ये हे नातं विशेष विवाह कायद्याखाली नोंदलं जावं म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयानं म्हटलं, की विवाह हा मूलभूत हक्क नाही, आणि अशा विवाहाला मान्यता द्यायची की नाही हे संसदेनं ठरवायचं.

त्या निकालाशी वाद घालायला मी कायद्याचा माणूस नाही. पण तो वाचताना एक गोष्ट मनात आली. दोन माणसं सगळं खरं सांगून एकत्र राहू पाहतात, त्यांना नोंदणी नाही. मी सगळं खोटं सांगून बोहल्यावर चढलो, मला अक्षता मिळाल्या, नोंदणी मिळाली, ६०० माणसांचा आशीर्वाद मिळाला. खोट्याला एवढी सोय आणि खऱ्याला एवढी अडचण असेल, तर माझ्यासारखे अजूनही त्याच वाटेनं जातील. आणि प्रत्येकाबरोबर एकेक मुलगी जाईल. समलिंगी मुलींच्या बाबतीत हेच उलट घडतं. त्यांना तर 'नाही' म्हणायची तेवढीही मोकळीक नसते.

आता एक समज दूर करतो. मी एकटा राहत नाही. गणपतीत आईशेजारी बसून मोदक वळणारा उंच तेलुगू मुलगा, ज्याला तुम्ही माझा रूममेट म्हणून ओळखता, तो रूममेट नाही. पाच वर्षं झाली. आई त्याला 'बाळा' म्हणते. आप्पा अजून 'ते' म्हणतात. 'ते जेवले का?' असं विचारतात. मला तेवढंही खूप आहे. त्याच्या कळ्या माझ्यापेक्षा चांगल्या पडतात, हे तुम्हीच मागच्या वर्षी म्हणाला होतात.

पहिला रकाना

तर, अर्ज.

नव्या अर्जात पस्तिसावा रकाना मी घातला आणि तो सगळ्यांत वर ठेवला. बाकीची माहिती आई-वडिलांनी भरली तरी चालेल. पण अर्ज पुढं जाण्याआधी एक ओटीपी मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या मोबाइलवर जातो, आणि तिथं एकच प्रश्न येतो : 'तुम्हाला आत्ता लग्न करायचं आहे का?' हो म्हटलं तर अर्ज नोंदला जातो. नाही म्हटलं, किंवा काहीच म्हटलं नाही, तर आई-वडिलांना फक्त 'अर्ज अपूर्ण' एवढंच दिसतं. कारण विचारलं जात नाही, आणि उत्तर कुणालाही दाखवलं जात नाही. समितीलाही नाही, मलाही नाही.

बैठकीत यावर अर्धा तास चर्चा झाली. एक काका म्हणाले, "अहो, मुलांना विचारत बसलो तर कुणाचीच लग्नं व्हायची नाहीत." मी म्हटलं, "काका, ज्यांना करायचंय त्यांची होतील." त्या वेळी मी एवढंच बोललो. उरलेलं या लेखात लिहिलं आहे.

'नाही' म्हणायची कारणं शंभर असतात. कुणाला शिकायचं असतं, कुणाचं दुसरीकडे जुळलेलं असतं, कुणाला नुसतंच नको असतं. त्यात एखादा माझ्यासारखाही असेल. तुमच्या मुलानं चार स्थळं खुसपट काढून नाकारली असतील, तर पाचवं दाखवण्याआधी एकदा त्याच्याजवळ बसा. 'कुणी आहे का' असं हसत विचारू नका. त्यातला 'कुणी' म्हणजे मुलगीच असते हे त्याला कळतं. एवढंच म्हणा, की तुझं उत्तर काहीही असलं तरी या घरात तुझं ताट मांडलेलं असेल. मग गप्प बसा. त्यानं लगेच सांगितलं नाही तरी चालेल. मला तेवढं ऐकायला मिळालं असतं तर एका मुलीच्या आयुष्यातली चार वर्षं वाचली असती.

अर्ज सुरू होऊन आता काही आठवडे झाले. काही अर्ज त्या पहिल्या रकान्यापाशी थांबलेले मला दिसतात. एरवी अशा अर्धवट अर्जांना आपोआप आठवणीचा मेसेज जातो. या अर्जात ती सोय मी मुद्दामच ठेवलेली नाही.